बोट चारवर, आकडा सात

संध्याकाळच्या धारा आटोपून, डेअरीला दूध घालून आता कुठे तुम्ही टेकला असाल. भाकरीचं पीठ मळता मळता ऐकलंत तरी चालेल, आमचं बोलणं हातातलं काम थांबवणारं नाही.

आमच्या बायकांच्या दूध डेअरीत मध्यंतरी जे झालं, त्यावर गावात पुष्कळ चर्चा झाली. पाणवठ्यावर झाली, बचत गटाच्या बैठकीत झाली, देवळाच्या पायरीवर तर रोजच होत होती. आम्ही तेव्हा गप्प होतो. कारण सांगण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. आता आहे, म्हणून आम्ही तिघी इथे येऊन बसलो आहोत.

आधी डेअरीबद्दल. सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी सहाला संकलन चालतं. किटली काट्यावर ठेवायची, लिटर दिसतात, वाटीभर नमुना फॅट मशीनला लावायचा. फॅट, एस. एन. एफ. आणि भाव सगळं एका छोट्या कॉम्प्युटरवर जमतं. त्याला पुढे टच स्क्रीन आहे. त्यावर मोबाइलसारखे आकडे असतात: वरती एक-दोन-तीन, त्याखाली चार-पाच-सहा, मग सात-आठ-नऊ. सभासदाचा नंबर दाबला की नोंद होते आणि पावती बाहेर येते. दहा दिवसांनी त्यावरूनच बिल. वही आम्ही केव्हाच बंद केली होती. तेवढं मात्र चुकलंच.

ही स्क्रीन आणि तुमच्या मोबाइलची काच एक नव्हे, हे आधी लक्षात घ्या. मोबाइलच्या काचेला आपल्या अंगातली वीज जाणवते, म्हणून तिला हातमोजा चालत नाही आणि बोटं ओली असली की ती गोंधळते. डेअरीत हात कायमचे ओले. म्हणून आमच्याकडे जुन्या पद्धतीची, दाबाची स्क्रीन आहे. तिला रेझिस्टिव्ह म्हणतात. बोट ओलं असो, पिठाचं असो, पेनाचं टोपण असो, दाब पडला म्हणजे झालं. ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल हर्स्ट नावाच्या संशोधकानं आणि त्यांच्या सोबत्यांनी पुढे आणली. ती अजून टिकून आहे ती अशाच ओल्या, मळक्या, घाईच्या जागांमुळे.

तर मृगाच्या पहिल्याच पावसात रात्री जवळच कुठेतरी वीज पडली. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, स्क्रीन उजळली, आकडे दिसले, पण दाबलं तर काहीच होईना. रांगेत बायका उभ्या, किटल्या तापतायत. त्या दिवशी शाळेची जुनी वही फाडून नोंदी लिहिल्या.

मशीन दुरुस्त करणारा माणूस शहरातून आला, बघितलं, म्हणाला, हे मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या. किंमत सांगितली ५६ हजार. चांगली गाभण गाय आली असती तेवढ्यात. आमच्यातली थोरली म्हणाली, बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

आमच्यातल्या धाकटीनं लग्नाआधी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं. सासरी आल्यावर ते कागद ट्रंकेत गेले ते गेलेच. तिनं मशीनची पाठ उघडली. आत चित्र दाखवणारा पडदा चांगला होता. त्याच्यावर बसवलेली दाबाची काच वेगळी असते आणि त्या काचेतून निघालेली चपटी पट्टी एका पत्त्याएवढ्या हिरव्या बोर्डाला जाते. तो कंट्रोलर बोर्ड. त्याच्यावर एक काळा डाग आणि जळका वास. धाकटी म्हणाली, काच शाबूत असेल तर नुसता बोर्ड बदलून चालेल.

काच शाबूत आहे की नाही हे कसं कळायचं? इथे थोडं लक्ष देऊन ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

या काचेत दोन थर असतात. खाली काच, वर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा. दोघांच्या आतल्या बाजूला वीज वाहणारा, डोळ्यांना न दिसणारा लेप. मध्ये रव्याच्या कणाहूनही बारीक असे ठिपके, थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. एका थराच्या डाव्या आणि उजव्या कडेला दोन तारा, दुसऱ्या थराच्या वरच्या आणि खालच्या कडेला दोन तारा. अशा चार.

आता शेतातला पाट डोळ्यांसमोर आणा. तोंडाशी पातळी उंच, शेवटाला सखल, मध्ये मध्यम. डाव्या-उजव्या तारांना व्होल्टेज लावलं की त्या थरावर असाच उतार तयार होतो. आपण बोटानं दाबतो तिथे वरचा पापुद्रा खालच्या थराला टेकतो, आणि त्या जागेची पातळी दुसरा थर वाहून नेतो. पाटात काठी बुडवून पाणी किती आहे ते बघावं तसं. त्यावरून बोट डावीकडून किती अंतरावर आहे ते कळतं. मग पाळी उलटी: दुसऱ्या थराला उतार द्यायचा आणि पहिल्या थरानं वाचायचं. त्यावरून वर-खाली कळतं. बोर्डाचं काम एवढंच, पण तो ते सेकंदाला कित्येक वेळा करतो आणि प्रत्येक वाचनाचा आकडा बनवतो. आमच्या बोर्डात तो आकडा ० ते ४०९५ च्या मधला असतो.

धाकटीनं माहेरून आणलेला मल्टिमीटर काढला. पट्टीच्या टोकाला चार भोकांचं काळं कनेक्टर होतं. एकेक जोडी तपासली. पहिल्या आणि तिसऱ्या तारेत ५४० ओहम, दुसऱ्या आणि चौथीत ३१०. बाकी कुठल्याही जोडीत काहीच नाही, मात्र काच दाबली की तिथेही काटा हलायचा. म्हणजे काच जिवंत. ५४० आणि ३१० असा फरक का, हे आम्ही विचारलं. ती म्हणाली, स्क्रीन आडवी लांब आहे. लांब आणि अरुंद पाटात अडथळा जास्त, आखूड आणि रुंद पाटात कमी. म्हणजे ५४० वाली जोडी डाव्या-उजव्याची असणार. खात्रीसाठी तिनं दोन पेन्सिल सेल जोडून त्या जोडीला ३ व्होल्ट दिले आणि मीटरची काडी दुसऱ्या थराच्या तारेला लावली. थोरलीनं डावीकडे दाबलं, मीटर ०.३. मध्ये दाबलं, दीड. उजवीकडे, २.७. वर-खाली सरकवलं तर आकडा हलेना. आम्ही तिघी त्या दिवशी स्वयंपाक विसरलो होतो.

नवीन बोर्ड दीड हजाराच्या आत मिळाला. यूएसबीचा होता, कॉम्प्युटरला लावला की तो त्याला माउसच समजतो. सगळी वीज बंद करून, आधी उघड्या धातूच्या नळाला हात लावून अंगातली वीज उतरवून मग आम्ही तो बसवला. आणि बाण थेट कोपऱ्यात जाऊन बसला. हलेचना.

बोर्डावर तीन जागी बारकी काळी टोपी घालायची सोय होती, तिला जम्पर म्हणतात. चार तारांची काच, पाच तारांची, आठ तारांची. तो पाचवर लावून आला होता. पाच तारांच्या काचेत चारही तारा खालच्या काचेच्या कोपऱ्यांना असतात आणि वरचा पापुद्रा नुसता वाचतो, त्यामुळे वर ओरखडे पडले तरी ती जास्त टिकते. आमची चारांची. टोपी हलवली. आता बाण हलायला लागला, पण कसा? म्हशीच्या शिंगात चिंधी अडकावी तसा, सैरावैरा. कारण बोर्डाला वाटत होतं पहिली-दुसरी तार जोडीची, आणि आमच्या काचेत जोडी होती पहिली-तिसरी. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून चार सुट्ट्या तारा आणून मधल्या दोन उलटसुलट केल्या. मग बाण शहाणा झाला. फक्त डावीकडे दाबलं की उजवीकडे जायचा. तिथे एका जोडीच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि झालं.

यानंतर कॅलिब्रेशन. स्क्रीनवर एकेका कोपऱ्याजवळ फुली येते, ती नेमकी दाबायची. तेव्हा बोर्ड शिकतो की या फुलीला माझा आकडा २६० येतो, त्या फुलीला ३८२०. काचेचा लेप दिसणाऱ्या भागापेक्षा थोडा बाहेर पसरलेला असतो, म्हणून आकडे ० पासून ४०९५ पर्यंत पुरे कधीच येत नाहीत. ही ओळख करून दिल्याशिवाय बोट आणि बाण जुळत नाहीत. आम्ही ते टेबलावर केलं, अंगठ्यानं, बसून. तिन्ही चुका. काच चौकटीत बसवताना दोन-तीन मिलिमीटर सरकली. अंगठा जाड, फुली बारीक. आणि संकलन करणारी बाई उभी असते, तिला आकडा वेगळ्या कोनातून दिसतो. दुसऱ्यांदा सगळं बसवून, उभं राहून, पेनाच्या टोपणानं केलं. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं पुन्हा पहिल्यासारखं. कॅलिब्रेशन झाल्यावर ते बोर्डाच्या आठवणीत साठवण्याचं एक बटण होतं, ते दाबायचंच राहिलं होतं. दूध तापवून विरजण घालायला विसरावं तसं.

पण चौथ्या दिवशी मशीन सुरू झालं. रांगेनं टाळ्या वाजवल्या. ५६ हजार वाचले म्हणून आमचा नारळ देऊन सत्कार झाला. पुढचं ऐकताना तो नारळ लक्षात ठेवा.

संकलनाला बसतात त्या आक्का. बारा वर्षं पहाटे साडेपाचला त्यांनी एक दिवस चुकवलेला नाही. पुढच्या बिलाला ४१ नंबरच्या मावशी आल्या. एकट्या राहतात, एक गाय, तिच्यावरच घर. बिल कमी आलं होतं. मावशींना वाचता येत नाही, पण त्या सगळ्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात ठेवतात. त्यांच्या नातवानं सुट्टीत त्या पसरल्या आणि तीन पावत्यांवर ४१ च्या जागी ७१ सापडला. १९ लिटर २०० मिली दूध. सहाशे रुपयांच्या वर पैसे.

आणि ७१ नंबर म्हणजे आक्कांची थोरली जाऊ.

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मावशी भर रांगेत एवढंच बोलल्या, “आक्का, तुझ्या घरात गाय कमी होती का गं?” आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. लोक दोन बाजूंनी बोलायला लागले. काही म्हणत, आक्कांनी मुद्दाम केलं. काही म्हणत, या तिघींनी मशीनचा सत्यानाश केला. दुसरं बोलणं आम्हाला जास्त लागलं, कारण ते खरं असायची शक्यता होती.

आम्ही रात्री बसून त्या दहा दिवसांच्या नोंदी काढल्या. एकाच वेळेला एकाच नंबरावर गाईच्याच दुधाच्या दोन नोंदी कुठे आहेत ते बघितलं. गाय आणि म्हैस दोन्ही घालणारे असतात, म्हणून मशीन दोन नोंदींना हरकत घेत नाही. ४१ चे ७१ तीनदा. ४३ चे ७३ एकदा. १४ चे १७ दोनदा. २४ चे २७ एकदा. थोरली यादी वाचत होती, ती मध्येच थांबली. १७ नंबर म्हणजे बांधावरून आक्कांशी पाच वर्षं अबोला असलेलं घर. त्यांना कोण कशाला दूध वाहील? आणि सगळीकडे एकच गोष्ट, चारचा सात. दुसरा एकही आकडा चुकलेला नाही. चोर अशी चोरी करत नाही.

सकाळी संकलन आटोपल्यावर धाकटीनं बोर्डाचे कच्चे आकडे दाखवणारी खिडकी उघडली. बोट नसताना तिथे काही दिसायला नको. नव्हतंही. आम्ही चार दाबला, चार. वीस वेळा दाबला, वीस वेळा चारच. आमची छाती बसली. मशीन निर्दोष म्हणजे आक्का दोषी.

मग थोरली आक्कांच्या घरी गेली आणि त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. म्हणाली, तुम्ही रोज दाबता तसंच दाबा, दुसरं काही करू नका. आक्का उभ्या राहिल्या. गुडघा दुखतो म्हणून त्या डाव्या हाताच्या तळव्याची टाच चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवतात आणि त्याच हाताच्या बोटानं आकडा दाबतात. उजव्या हातात नमुन्याची वाटी. बोट चारवर गेलं. सात उमटला.

खिडकीत बघितलं, तर आक्कांनी काचेला बोट लावण्याआधीच, नुसता हात टेकवला की आकडे यायला लागायचे. म्हणजे बोर्डाच्या हिशेबी कोणीतरी आधीच खालच्या कोपऱ्यात दाबून धरलं होतं. चार तारांच्या काचेला एकाच वेळी दोन ठिकाणी दाबलेलं वेगवेगळं कळत नाही. ती दोन्हींच्या मधली एकच जागा सांगते. बोट चारवर, दाब खालच्या डाव्या कोपऱ्यात, मधली जागा सात. एक, दोन, तीन दाबताना हात वर जायचा, तळवा उचलला जायचा, म्हणून ते बरोबर. पाच दाबला की मधली जागा दोन बटणांच्या फटीत पडायची, काहीच उमटायचं नाही, आक्का पुन्हा दाबायच्या. त्या आम्हाला म्हणाल्याही होत्या, पाच जरा अडतोय गं. आम्ही म्हणालो होतो, नवीन आहे, रुळेल.

चौकट उघडली. खालच्या कोपऱ्यात, चौकटीच्या ओठाखाली, काचेला चिकटून पिवळट तपकिरी थर. बारा वर्षांत ओघळलेलं दूध आणि धूळ, वाळून पातेल्याच्या खरवडीसारखं कडक झालेलं. आणि त्यावर चौकटीचे चारही स्क्रू करकचून आवळलेले. ते आम्हीच आवळले होते. पहिल्यापासून ते सैल होते, आम्हाला वाटलं कुणीतरी निष्काळजीपणानं सैल ठेवलेत. चौकट दाबाच्या काचेवर कधीच जोर देऊन बसता कामा नये, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

खरवड ओल्या मऊ फडक्यानं भिजवून, बांबूच्या कामटीनं काढली. ब्लेड लावलं असतं तर पापुद्रा चिरला असता. चौकटीच्या आतून, दिसणाऱ्या भागाच्या बाहेर, पातळ स्पंजची पट्टी चिकटवली. स्क्रू बोटानं फिरेनासे होईपर्यंत, त्यापुढे अगदी थोडे. मग आक्कांनी हात टेकवून, गुडघा सांभाळून, शंभर वेळा चार दाबला. आम्ही मोजत होतो.

संध्याकाळी रांगेपुढे थोरलीनं सगळं सांगितलं. स्क्रू कुणी आवळले तेही. कुणी हसलं, कुणी म्हणालं, नारळ परत घ्या. नारळाची तोपर्यंत चटणी झाली होती. ७१, ७३, १७ आणि २७ च्या घरांनी जास्तीचे पैसे दुसऱ्याच दिवशी आणून दिले. १७ नंबरच्या घरातून सून आली पैसे घेऊन, आणि आक्कांच्या समोर दोन मिनिटं उभी राहिली. बोलली काही नाही.

मावशी आक्कांशी काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही, कारण आम्ही मुद्दाम काट्यामागे गेलो. एवढं दिसलं की आक्का पुन्हा स्टुलावर बसल्या आणि मावशींची किटली त्यांनी स्वतः उचलली.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्यात. ढग गडगडायला लागले की आधी प्लग काढायचा, मग वाळत घातलेले कपडे. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता, त्यात पाणी घालतो. आठवड्यातून एकदा, काहीही न दाबता, चौकटीवर चारही बाजूंनी तळवा टेकवून कच्चे आकडे बघतो. काहीच दिसलं नाही पाहिजे. तारांचा क्रम, जम्परची जागा आणि कॅलिब्रेशनचे आकडे एका कागदावर लिहून मशीनच्या आत चिकटवलेत. आमच्यानंतर जी कोणी उघडेल तिला शोधाशोध नको. वहीसुद्धा पुन्हा सुरू केली आहे.

आणि स्क्रीन फिरवून दूध घालणाऱ्यांच्या बाजूला केली. ज्याचा नंबर त्यानं दाबायचा. त्यासाठी कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागलं, कारण मावशी बुटक्या, त्या आकड्यांकडे खालून बघतात. फुल्या त्यांनाच दाबायला लावल्या. त्यांना वाचता येत नाही, पण चार कसा दिसतो आणि एक कसा दिसतो ते पाठ झालंय. ओला अंगठा पदराला न पुसता त्या दाबतात, चार, एक, आणि आक्का मोठ्यानं वाचून दाखवतात.

पावती मात्र त्या अजूनही बिस्किटाच्या डब्यात ठेवतात.